हॉलमध्ये तर फुल्ल आहे

घरातल्या वस्तू एकमेकींशी बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. एका तीन मजली घरात राऊटर तळमजल्यावरच्या शोकेसमध्ये, विणलेल्या रुमालावर बसायचा. समोर खुर्चीत अण्णा दिवसभर टॅबवर, नेटवरून मॅच बघत.

सर्वांत वरच्या मजल्यावर त्यांची सून केतकी राहायची. चार वाजता तिची नोकरीची मुलाखत होती, मोबाइलवर. साडेतीनला ती मोबाइल घेऊन खाली धावली. "अण्णा, वर नेट येतच नाही हो!"

"काहीतरीच! इथे बघ, फुल्ल आहे," अण्णा मान न वळवता म्हणाले.

मोबाइल राऊटरवर खेकसला, "तुझं सगळं इथेच संपतं!"

"मी जीव तोडून ओरडतोय रे! मधे दोन स्लॅब आहेत. मला जिन्यात टांगायला हवं."

"जिन्यात? जळमटांत?" शोकेस म्हणाली. "इथला मान सोडून?"

"मानाचं काय लोणचं घालू?"

"पण अण्णांना पटणार कसं?" मोबाइल म्हणाला. "त्यांना कधी कमी पडलंच नाही."

 राऊटरने आपले सगळे दिवे विझवले.

शेवटच्या षटकात पडदा गोठला. अण्णा ताडकन उठले. "केतकी, अगं, नेट गेलं!"

"वर दोन वर्षं असंच आहे, अण्णा. जिन्यात लावून बघू या?"

अण्णांनी लांब वायर जोडली, स्टुलावर चढून राऊटर मधल्या मजल्यावरच्या जिन्यात टांगला. तो लगेच उजळला.

चार वाजता वरून आवाज आला, "हो मॅडम, स्पष्ट ऐकू येतंय."

हॉलमधली रेंज मात्र थोडी कमी झाली. अण्णांनी कुरकुरत आपली खुर्ची जिन्याकडे सरकवली.