राईच्या तोंडातून शेपटी सुटली

भिंतीच्या कडेकडेने तुरुतुरु जाते ती कोण? चिचुंद्री! लांब नाकाची, बारीक डोळ्यांची. तिला दिसतं कमी, पण वास येतो फार. ही गोष्ट तिच्या पिल्लांची. पिल्लांची कसली, एका पिल्लाची. रडू आलं तर रडा हं, पण मधेच उठून जायचं नाही.

सगळ्यांत मोठी मेथी. मग ओवा. मग तीळ. आणि सगळ्यांत धाकटी राई. एवढीश्शी. फुंकर मारली तर उडेल.

चिचुंद्र्या बाहेर कशा जातात, ठाऊक आहे? आई पुढे. आईची शेपटी मेथीच्या तोंडात. मेथीची शेपटी ओव्याच्या तोंडात. ओव्याची शेपटी तिळाच्या तोंडात. तिळाची शेपटी राईच्या तोंडात. झाली आगगाडी! तुरुतुरु, तुरुतुरु.

एकदा काय झालं, ओढ्यापलीकडे गंमतबाग आली. घसरगुंडी आली, कारंजं आलं, भला मोठा आकाशपाळणा आला. आणि बघता बघता बागेचा शेवटचा दिवस आला. उद्या सगळं उचलून गंमतबाग दुसऱ्या गावाला जाणार.

आई म्हणाली, "उद्या नाही, परवा नाही. आजच जाऊ. आधी घसरगुंडी. मग कारंजं. मग डबा खायचा. मग आकाशपाळणा. आणि दिवे लागायच्या आत घरी."

"डब्यात काय, आई?"

"वाळवीचा चिवडा."

"मला पाळणा! मला पाळणा! मला आधी पाळणा!" राई नाचायला लागली.

"हो गं बाई. पण वाटेत तोंड उघडायचं नाही. काही झालं तरी नाही."

निघाली आगगाडी. तुरुतुरु, तुरुतुरु.

आभाळ भरून आलं होतं. सगळं कसं काळं काळं, गार गार. ओढ्यावर एक खोड आडवं पडलं होतं. जुनं, कुजकं, निसरडं. आई चढली, मेथी चढली, ओवा चढला, तीळ चढला. राईने पाय ठेवला, मान वर केली, आणि तिला काय दिसलं? झाडांच्या वर, ढगांच्या खाली, गोल गोल फिरणारा आकाशपाळणा!

"अगंबाई! केवढा!"

उघडलं ना तोंड! सुटली शेपटी. राई घसरली, सूऽऽर, आणि अलीकडच्या काठावर पडली, धप्प! बाकीचे पलीकडे उतरले न उतरले तोच खोड हललं. गडगड, गडगड, धबाक! गेलं वाहून.

आई त्या काठाला. राई ह्या काठाला. मधे खळखळ पाणी.

"आई! ए आई!" राईने हाक मारली. पण पाण्याचा आवाज मोठा आणि राईचा आवाज छोटा. कुणाला ऐकू जाणार? राईला पलीकडचं दिसेना. पाळणा डोंगराएवढा म्हणून दिसला. एवढीशी आई चिचुंद्रीच्या डोळ्यांना कुठली दिसायला? एकटी कधी राहिलीच नव्हती हो ती.

तुरुतुरु चालली. मुसुमुसु रडली.

काठावर बसलं होतं कासव.

"कासवआजोबा, कासवआजोबा, मला पलीकडे न्या ना!"

"का गं?"

"आई काही दिसेना. मी गंमतबागेत जाऊ कशी?"

कासव म्हणालं, "नाही नेणार, जा! माझ्या पायाला जळवा चिकटल्यात. बगळ्याने जळवा टिपल्या तर नेईन." आणि मान घेतली आत. काय म्हणावं या कासवाला!

तुरुतुरु चालली. मुसुमुसु रडली.

बांधावर उभा होता बगळा. एका पायावर. पांढरा शुभ्र. नाक वर.

"बगळेदादा, बगळेदादा, जळवा टिपा ना!"

"का गं?"

"कासव मला नेईना,
आई काही दिसेना,
मी गंमतबागेत जाऊ कशी?"

बगळा म्हणाला, "नाही टिपणार, जा! चिखलातून पायी येऊ होय? मी म्हशीच्या पाठीवर बसून येतो. म्हैस उठली तर येईन."

बघा, ऐट बघा! पण राई काय करणार? अडला हरी!

तुरुतुरु चालली. मुसुमुसु रडली.

डबक्यात बसली होती म्हैस. नुसती शिंगं वर आणि डोळे वर.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, उठा ना!"

"का गं?"

"बगळा जळवा टिपेना,
कासव मला नेईना,
आई काही दिसेना,
मी गंमतबागेत जाऊ कशी?"

म्हैस म्हणाली, "नाही उठणार, जा! बाहेर किती गारठा! ऊन पडलं तर उठेन." आणि डोळे मिटले. बुडबुड, बुडबुड.

तुरुतुरु चालली. मुसुमुसु रडली.

आता उन्हाला कुठे शोधायचं? राई एका ढेकळावर चढली. नाक वर केलं.

"सूर्यकाका, सूर्यकाका, ऊन पाडा ना!"

ढगाच्या मागून आवाज आला, "का गं?"

"म्हैस काही उठेना,
बगळा जळवा टिपेना,
कासव मला नेईना,
आई काही दिसेना,
मी गंमतबागेत जाऊ कशी?"

सूर्य म्हणाला, "नाही पाडणार, जा! हा ढग बसलाय ना माझ्यापुढे, चांगला फतकल मारून. वाऱ्याने ढग ढकलला तर ऊन पाडीन. आणि लवकर सांग त्याला. माझी घरी जायची वेळ होत आली."

घरी जायची वेळ! सूर्य घरी गेला की गंमतबाग बंद! लांबून पाळण्याची गाणी ऐकू येत होती. सगळ्यांची पिल्लं पाळण्यात बसली असतील. आपणच नाही.

तुरुतुरु धावली. मुसुमुसु रडली.

बांबूच्या बेटात पडला होता वारा. आडवा. पान हलत नव्हतं.

"वारामामा, वारामामा, ढग ढकला ना!"

"का गं?"

"ऊन काही पडेना,
म्हैस काही उठेना,
बगळा जळवा टिपेना,
कासव मला नेईना,
आई काही दिसेना,
मी गंमतबागेत जाऊ कशी?"

वाऱ्याने जांभई दिली. हाऽऽऽ. म्हणाला, "नाही ढकलणार, जा! मला आलाय कंटाळा. वाजवायला पावा नाही, काही नाही. बांबू पावा झाला तर उठेन."

बांबू शेजारीच होता, म्हणून बरं. लांब असता तर राईचे पाय गळूनच पडले असते.

"बांबूदादा, बांबूदादा, पावा व्हा ना!"

"का गं?"

"वारा ढग ढकलेना,
ऊन काही पडेना,
म्हैस काही उठेना,
बगळा जळवा टिपेना,
कासव मला नेईना,
आई काही दिसेना,
मी गंमतबागेत जाऊ कशी?"

बांबू म्हणाला, "नाही होणार, जा! भोक नाही तर पावा कसला? भुंग्याने भोक पाडलं तर होईन."

राई मटकन खाली बसली. एवढंसं नाक, तेही रडून रडून लाल झालं. भूक लागली होती. चिवड्याचा डबा आईजवळ. आणि आई? आई कुठे? राईला वाटलं, गेली असेल आई पुढे. मेथी, ओवा, तीळ पाळण्यात बसले असतील. आणि मला विसरले असतील.

नाही हो बाळांनो, आई विसरते का कधी? पण राईला तसं वाटलं खरं.

तेवढ्यात पाल्यातून आवाज आला. गुर्र... गुर्र... अगदी बारीक.

राईने पाला बाजूला केला. तिथे होता काळा कुळकुळीत भुंगा. पाठ खाली, पाय वर! उताणा पडला होता. हवेत पाय हलवत होता. वळवळ, वळवळ.

"भुंगेकाका, भुंगेकाका, भोक पाडा ना!"

"का गं?"

"बांबू पावा होईना,
वारा ढग ढकलेना,
ऊन काही पडेना,
म्हैस काही उठेना,
बगळा जळवा टिपेना,
कासव मला नेईना,
आई काही दिसेना,
मी गंमतबागेत जाऊ कशी?"

भुंगा म्हणाला, "पाडू कसा, बाळ? सकाळपासून असाच पडलोय मी. बांबूला सांगितलं, तो वाकला नाही. वाऱ्याला सांगितलं, तो हलला नाही. आता सांगतच नाही कुणाला."

आता गंमत बघा. राईला म्हणता आलं असतं, "आधी भोक पाडा, मग सुलटं करीन." सगळे तसंच तर म्हणत होते! पण राई तसं म्हणाली नाही. तिने आपलं लांब नाक भुंग्याच्या पाठीखाली घातलं. ढकललं. हूं! नाही झाला. पुन्हा ढकललं. हूंऽऽ! नाही झाला. डोळे मिटून, पाय रोवून ढकललं. हूंऽऽऽऽ!

टुप्! भुंगा झाला सुलटा.

"गुर्रर्रर्र! जगलो गं बाई!"

भुंगा उडाला. बांबूवर बसला. कुर्र कुर्र कुर्र, पाडलं भोक!
बांबू झाला पावा.
वारा उठला, पावा वाजवला, पूऽऽऽ! आणि फुगून फुगून ढग ढकलला.
पडलं ऊन.
उठली म्हैस, धबधबधब!
म्हशीच्या पाठीवर बसला बगळा.
बगळ्याने जळवा टिपल्या, टिप टिप टिप!
कासवाने मान काढली बाहेर. म्हणालं, "चला राईबाई, बसा पाठीवर."

अस्सं! झालं की नाही? आता म्हणाल, संपली गोष्ट. कुठली संपतेय! बसलीय कासवाच्या पाठीवर.

डुबुक... डुबुक... डुबुक...

"आजोबा, लवकर चला ना!"

"मला लवकर येत नाही, बाळ."

डुबुक... डुबुक... सूर्य टेकडीला टेकला. गाणी थांबली. गंमतबागेतला एक दिवा विझला. मग आणखी एक.

पलीकडच्या काठावर काहीतरी काळं काळं बसलं होतं. राईला दिसेना नीट. तेवढ्यात तिकडून आवाज आला, फाटका, घोगरा, हाका मारून मारून बसलेला.

"वास आला! अगं, माझ्या राईचा वास आला!"

आई होती! तिथेच होती. मेथी होती, ओवा होता, तीळ होता. सबंध दिवस कुणी हललं नव्हतं. कुणी घसरगुंडीवर गेलं नाही. कुणी कारंज्यात भिजलं नाही. कुणी डबा उघडला नाही.

"तुम्ही पाळण्यात बसला नाहीत?" राईने विचारलं.

तीळ म्हणाला, "तुला सोडून? वेडी की काय!" आणि मग तोच रडायला लागला.

आईने राईला चाटलं. पाठ चाटली, कान चाटले, नाक चाटलं. मग तिला मानेला धरून उचललं आणि सुटली पळत. मागे मेथी, ओवा, तीळ. तुरुतुरुतुरुतुरु!

आकाशपाळण्यापाशी होतं पाळणेवालं माकड. पाळण्याला दोर बांधत होतं.

"बंद! बंद! बाग बंद! उद्या सकाळी निघायचंय आम्हाला."

आईने राईला खाली ठेवलं. म्हणाली, "दादा, सकाळपासून निघालोय आम्ही. माझं लेकरू पलीकडे राहिलं होतं. आत्ता मिळालं. एक फेरी द्या हो. एकच."

माकडाने राईकडे पाहिलं. चिखलाने माखलेली. डोळे सुजलेले. उभं राहवत नव्हतं बिचारीला. माकडाने डोकं खाजवलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"बसा. पण एकच हं."

बसले सगळे. कुर्रर्र... कुर्रर्र... निघाला पाळणा वर. झाडांच्या वर. बांबूच्या वर. पार ढगांजवळ!

"ओऽऽऽ!" मेथी ओरडली. "ओऽऽऽ!" ओवा ओरडला. "ओऽऽऽ!" तीळ ओरडला.

आणि राई?

आईच्या पोटाशी गोळा होऊन राई गाढ झोपली होती.

"आई, उठव ना तिला!" तीळ म्हणाला. "पाळणा वर आलाय! तिलाच तर हवा होता पाळणा!"

आईने राईच्या अंगावर हात ठेवला. म्हणाली, "नको रे. झोपू दे तिला. दमलंय माझं बाळ."

पाळणा वर गेला. पाळणा खाली आला. राई आईच्या कुशीत घोरत होती.

आता तुम्ही पण मिटा डोळे. मी इथेच आहे.