थोरल्यात भरलेली जाड तार

"दादा सारखा का वितळतो?" फार पूर्वी एका घरातल्या धाकट्या फ्यूजने सगळ्यांना विचारलं. गिझर हसला, "नाजूक आहे बाबा तुझा दादा."

खरं तर गिझरचीच वायर भिंतीत सोलली होती. थोरला फ्यूज वितळायचा, म्हणून घर वाचायचं.

"रोजची कटकट," म्हणत घरमालक पुंडलिकरावांनी थोरल्यात जाड तार भरली.

"दादा, सोड ना ती तार," धाकटा म्हणाला.

"आता सुटता येत नाही रे."

सकाळी गिझर लागला. थोरला काळा पडला, तडकला, पण तार तुटली नाही. धाकट्याने हाक मारली. तो बोलला नाही. भिंतीतून धूर निघाला. न्हाणीघरात पुंडलिकरावांची लेक केस धूत होती.

धाकट्याला त्या घराचा फार राग आला. तरी त्याने आपली तार वितळू दिली, आणि आपल्यातून जाणारी सगळ्या घराची वीज बंद केली.