न फिरलेला स्क्रू

गाड्यांचे भाग एकमेकांशी कडाकडा भांडत, त्या काळची ही गोष्ट. रंगनाथची जुनी टर्बो पिकअप माल भरला की घाटात धापा टाकायची. शेवटी तो ती घेऊन हमीदचाचांच्या गॅरेजवर गेला. "चाचा, डिझेल-पंपाचा स्क्रू आवळा, इंजिनाला डिझेल वाढवा. बाकीच्या गाड्या बघा, काळा धूर सोडत कशा चढतात! धूर नाही तर जोर कसला?"

चाचांनी पाना लावला. स्क्रू हलला नाही.

"अरे, फिर की!" इंजिन खेकसलं. "मला जास्त डिझेल हवंय."

"तुला हवा कमी पडतेय," स्क्रू म्हणाला. "हवेशिवाय डिझेल पाजलं तर धूरच होईल, आणि तुझे पिस्टन जळतील. मी फिरणार नाही."

"मालकाचा हुकूम आहे!"

"असू दे. जळायचं तुला आहे, मालकाला नाही."

चाचांनी पान्यावर हातोडा मारला. स्क्रूच्या कडा झिजल्या, पण तो जागचा हलला नाही. चाचा थांबले. त्यांनी इंजिन चालू करून कान लावला. इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोच्या रबरी पाईपातून फुस्स आवाज येत होता. पाईप चिरला होता. त्यांनी नवा बसवला.

दुसऱ्या दिवशी भरलेली पिकअप एका दमात घाटमाथ्यावर पोचली. रंगनाथने आरशात धूर शोधला. त्याला नुसता खाली राहिलेला घाट दिसला.

इंजिनने ओशाळून विचारलं, "हातोड्याने तू मोडला असतास तर?"

"मोडलो असतो," स्क्रू म्हणाला. "फिरलो नसतो."