बदकाच्या मानेचं धनुष्य

रुंजीच्या झोपडीला दार होतं, पण कडी नव्हती. कडी कशाला हवी? चोर आत शिरला असता तर बिचारा रडतरडत बाहेर आला असता आणि जाताना स्वतःच्या खिशातलं काहीतरी ठेवून गेला असता! एक चूल, एक मडकं, दोन वाकळा, आणि कोपऱ्यात बसलेला रुंजीचा बा, सोमा. एवढाच त्या घरातला ऐवज.

हे घर होतं तीरवाडीत. तीरवाडी म्हणजे डोंगराच्या अगदी टाळूवरचं गाव. इतकं उंच, की पांढरे पांढरे ढग तिथल्या अंगणांत टेकून दम खायचे आणि मग पुढे जायचे. गावातले झाडून सगळे तिरंदाज. न्हावी तिरंदाज, कुंभार तिरंदाज. म्हाताऱ्या तर अशा, की तोंडात दात नाही, पण शेंड्यावरचं बोर बाणाने पाडून चघळत बसायच्या.

आणि ऐट केवढी! तीरवाडीचं धनुष्य म्हणजे माणसाच्या उंचीचं, सरळसोट वेळूचं. त्याचं खालचं टोक पायाच्या अंगठ्यावर टेकवायचं, छाती फुगवायची आणि मगच दोरी ओढायची. पणजोबा असेच मारायचे, म्हणून आजोबा असेच मारायचे. पणजोबांना कुणी विचारलंच नाही, की बाबा, अंगठ्यावरच का?

सोमाही असाच ऐटबाज तिरंदाज होता. पण गेल्याच्या गेल्या वर्षी गावासाठी मधाचं पोळं काढताना तो कड्यावरून घसरला, आणि त्याचे पाय कायमचे झोपी गेले. आता तो हातांवर रेटत रेटत अंगणापर्यंत यायचा, तेवढंच. उभं राहता येत नाही, मग अंगठ्यावर धनुष्य टेकवणार कसं?

इथेच सगळं घोडं अडलं होतं. दर वर्षी दोरापुनवेला तीरवाडीचं प्रत्येक घर आपल्या रंगाचा दोरा बाणाच्या शेपटीला बांधून दरीपलीकडे मारायचं. पलीकडे एक जुनी, धिप्पाड काटेसावर होती. त्या दिवसांत ती नखशिखांत लाल लाल फुलांनी पेटलेली असायची. तिच्या फांदीवर दोरा अडकला, की ते घर वर्षभर तीरवाडीचं. आणि ज्या घराचा दोरा ओळीने दोन वर्षं सावरीला लागला नाही, त्या घराने बोचकं बांधायचं आणि डोंगर उतरून खाली राहायला जायचं. हा नियम कुणी केला? विचारलं, की सगळे शेजाऱ्याकडे बोट दाखवायचे.

सोमाचा निळा दोरा गेल्या वर्षी लागला नव्हता. आणि उद्या दोरापुनव होती.

"बा, मी मारते ना दोरा," रुंजी म्हणाली.

"तू? अगं, धनुष्य तुझ्याहून उंच. तूच बाणासारखी उडून जाशील, रुंजे," सोमा हसून म्हणाला. पण हसताना तो वाकळांची घडी घालत होता. जाताना बोचक्यात बांधायला.

ते रुंजीने पाहिलं. तिने कोयती घेतली आणि ती तडक वेळूच्या बनात गेली.

बनात हिरवं हिरवं, गार गार ऊन पडलं होतं. पानं सळसळत होती. आणि मधोमध उभा होता एक वेळू! सरळ, सोनसळी, चकचकीत. राजाने पाहिला असता तर त्याच्यासाठी लढाई केली असती. रुंजीने कोयती उगारली, तोच वरून आवाज आला, "चिप्!"

पेऱ्यापाशी गवताचं इवलंसं घरटं होतं. त्यातून इवल्याइवल्या चोची डोकावत होत्या. चोचींमागे पिल्लं असतील, पण इतकी बारकी, की चोचीच तेवढ्या दिसत होत्या.

रुंजीने कोयती खाली केली. "राहू दे गं बाई," ती पिल्लांच्या आईला म्हणाली, "घर सोडायचं म्हटलं की कसं होतं, ते मला ठाऊक आहे." आणि तिने जमिनीवर पडलेला एक वाकडातिकडा, कुणी चुलीतही घालणार नाही असा वेळू उचलला.

तेवढ्यात त्या वेळूच्या पेऱ्यातून कुणीतरी शिंकलं.

"आक्-छी! हळू उचल की! झोपले होते मी!"

पेर टुक्कन उघडलं आणि आतून बाहेर आली बोटभर उंचीची परी. पोपटी झगा, चतुरासारखे झिळमिळ पंख, केसांत सोनेरी धुळीचे कण. आणि नाक लालेलाल, कारण वेळूची कूस, म्हणजे त्याची बारीक टोचरी लव, नाकात गेली होती.

"मी वेळूपरी," ती नाक पुसत म्हणाली. "तू माझ्या पाहुण्यांचं घरटं वाचवलंस. माग, एक इच्छा माग. पण माझे नियम आहेत हं! पहिला, वेळूपासून होईल तेच मागायचं. सोनं, हत्ती, जिलब्या माझ्याकडे नाहीत."

"बाचे पाय?" रुंजीने हळूच विचारलं.

परीचे पंख जरासे मिटले. "हाडांतलं मला नाही गं कळत, बाळ. असतं, तर तू मागायच्या आधीच दिले असते." मग ती पुन्हा ताठ झाली. "दुसरा नियम. इच्छेत 'सगळ्यांत भारी' हे शब्द आले, की इच्छा फुस्स! आणि तिसरा, जे मिळेल ते कुणी मागितलं तर द्यायचं. नाक मुरडून नाही, हसून. नाही दिलंस, तर त्याची पुन्हा वाळकी काटकी."

रुंजी विचारात पडली. विचार करताना ती वेणीचं टोक चघळायची. बरंच चघळून झाल्यावर ती म्हणाली, "मग बसल्या माणसाला मारता येईल असं धनुष्य दे."

परीने टाळी वाजवली. सोनेरी धूळ भुर्रकन उडाली. वाकडा वेळू वळला, वळवळला, लांबला, आखडला आणि थांबला. वर लांबच लांब, खाली आखूड. मूठ मधे नाहीच, पार खाली. आणि शेंडा बदकाच्या मानेसारखा वळलेला.

"हे... वाकडं दिसतंय," रुंजी म्हणाली.

"तुझे पुढचे दातही वाकडे आहेत. भाकरी खातेस ना त्यांनीच?" असं म्हणून परी दिसेनाशी झाली.

सकाळी सोमाने ते धनुष्य हातात घेतलं. उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. मग अंगणात बसल्या बसल्या त्याने दोरी ओढली. खालचं टोक आखूड, त्यामुळे ते जमिनीला लागलंच नाही. आणि दोन वर्षं हातांवर चालून त्याचे दंड तर लोहाराच्या घणासारखे झाले होते. सूंऽऽ! बाण गेला, कुंपणावरून गेला, चिंचेवरून गेला आणि गजाबा नाइकांच्या छपरावरच्या दुध्या भोपळ्यात खच्चकन बसला.

सोमा हसला. वाकळांची घडी घालताना हसला होता तसं नाही. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पण गजाबा नाईक म्हणजे गावचे म्होरके. त्यांच्या मिशा इतक्या रुंद, की बोळातून जाताना त्यांना तिरकं व्हावं लागे. ते बाणासकट भोपळा काखेत मारून आले.

"कोण तो भोपळेमार?" ते गरजले. मग त्यांचं लक्ष धनुष्याकडे गेलं. "सोम्या, हे काय? धनुष्य आहे की बदकाची मान?"

"मारून बघा, नाईक," सोमा म्हणाला.

"मी? हे वाकडं?" नाइकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं. "आण गं पोरी इकडे. जरा हसतो त्याला."

रुंजीने हसून दिलं. नाइकांनी बाण मारला. बाण इतका लांब गेला, की नाइकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं आणि एक माशी आत फिरून बाहेर आली.

"अगं आई गं!" ते ओरडले. "ठकूआत्या! ए आत्या! हे बघ काय आहे!"

झालं! ठकूआत्या म्हणजे नाइकांची आत्या, गावातली सगळ्यांत म्हातारी तिरंदाज. ती धावत आली, आणि तिच्यामागे अख्खं गाव.

"मला दे गं, रुंजे!" "आधी मी!" "गुडघ्यावर बसून मारता येतं, बघा!" "झाडावर बसूनही येतं!" कुंभार चाक फिरवता फिरवता बाण मारून आला. ठकूआत्या बाजेवर आडवी होऊन मारत होती आणि म्हणत होती, "एवढं आयुष्य मी उगीच उभी राहिले गं!"

ज्याने मागितलं त्याला रुंजी हसून देत होती. गाल दुखायला लागले तरी.

दुपारपर्यंत तर वेडच लागलं सगळ्यांना. ज्याने त्याने करवत काढली आणि आपलं पणजोबांपासूनचं सरळ धनुष्य खालून कापायला घेतलं. करकर करकर! आखूड टोकांचा ढीग पडला. मूठ खाली बांध, शेंडा वाफेवर वाकव, दोरी चढव. नाइकांनी तर चांदीच्या तारा गुंडाळलेलं आजोबांचं धनुष्य कापलं. कापताना डोळे मिटले होते, पण कापलं.

ऊन कललं तशी दोरे मारायला सुरुवात झाली. मानाप्रमाणे नाइकांचं घर पहिलं आणि सोमाचं शेवटचं. नव्या वाकड्या धनुष्यांमधून केशरी दोरा गेला, हळदी दोरा गेला, डाळिंबी दोरा गेला. लाल सावरीवर रंगांच्या झिरमिळ्या लोंबू लागल्या.

शेवटी पुकारा झाला, "सोमाचं घर! निळा दोरा!"

सोमा हातांवर रेटत कड्याशी येऊन बसला होता. सूर्य डोंगराला टेकायला आला होता. सूर्य टेकला, की दोरे बंद. रुंजी बदकमान्या धनुष्य घेऊन बापाकडे निघाली, तोच नाईक आडवे आले. लहान मुलासारखे डोळे लुकलुकत होते त्यांचे.

"पोरी, एकदाच! माझंही झकास झालंय, पण हे मूळचं ते मूळचं! एक बाण, लगेच देतो."

रुंजीने सूर्याकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. तिच्या मनात आलं, आज नको म्हणावं. एकदाच. पण मग बाच्या हाती काय येईल? वाळकी काटकी. तिने वेणीचं टोक जरासं चघळलं. मग ती हसली आणि तिने धनुष्य पुढे केलं.

नाइकांनी जोर लावला. नेहमीपेक्षा जास्तच लावला, कारण सगळे बघत होते.

कडाड्!

धनुष्य मधोमध मोडलं.

कड्यावर इतकं शांत झालं, की सावरीचं एक फूल पडल्याचा आवाज दरीपलीकडून आला. नाइकांच्या मिशा खाली आल्या. रुंजी मोडके तुकडे उचलून बापाशी जाऊन बसली. ती रडली नाही. तिने बाचा हात धरला आणि म्हणाली, "बा, खाली नदी आहे म्हणे. मासे असतील."

नाइकांनी ते ऐकलं. त्यांनी पाठीवरचं आपलं धनुष्य काढलं. तेच, चांदीच्या तारांचं, दुपारी खालून कापलेलं. ते गुडघे टेकून सोमासमोर बसले.

"सोम्या, हे माझ्या आज्याचं. आज सकाळपर्यंत याने तुला मारता आलं नसतं. आता येतं. घे बाबा, लवकर घे."

"पण नाईक, बसून मारलेला दोरा धरतात का?" मागून कुणीतरी विचारलं. असा एक जण प्रत्येक गावात असतोच.

"दोरा सावरीला लागायला हवा, एवढंच ठरलंय," ठकूआत्या कडाडली. "मारणारा उभा की आडवा, हे सावर विचारते का? आणि दुपारभर बाजेवर लोळून कोण मारत होतं? मीच!"

सोमाने निळा दोरा बांधला. दोरी ओढली. दंड फुगले, श्वास थांबला. सूंऽऽऽ! बाण मावळतीच्या सोनेरी उजेडातून गेला, त्याच्यामागे निळा दोरा नागमोडी लहरत गेला आणि सावरीच्या अगदी उंच फांदीत जाऊन अडकला. त्याच क्षणी सूर्य डोंगराला टेकला.

गाव असं ओरडलं, की ढग दचकून दूर सरकले. नाइकांनी सोमाला खांद्यावर घेतलं आणि नाचायला लागले. त्यांच्या मिशा दोन्ही बाजूंना दोन माणसांना गुदगुल्या करत होत्या.

रुंजीच्या मांडीवरच्या मोडक्या तुकड्यातून कुणीतरी शिंकलं.

"तू आत होतीस?" रुंजी कुजबुजली.

"मग काय!" वेळूपरी कंबर चोळत बाहेर आली. "कुजका वेळू होता तो. आतून धरून उभी होते मी, सकाळपासून! त्या मिशाळूने शेवटी असा ओढला, की माझा हात सुटला. पाठ मोडली गं माझी."

"मग आता?"

"आता तुझ्या गावात इतकी वाकडी धनुष्यं आहेत, की मला धरायची गरजच नाही. तू हसून देत गेलीस आणि ही वेडी माणसं करवती घेऊन बसली." परीने रुंजीच्या गालाला चिमुकला हात लावला. गाल दुखायचे थांबले. "दात छान आहेत गं तुझे," ती म्हणाली. मग ती उडाली, दरीवर गेली, निळ्या दोऱ्याला एक झोका दिला आणि लाल फुलांमध्ये लख्खकन एक सोनेरी उजेड होऊन विरून गेली. उजेडानंतरही एक शिंक तेवढी ऐकू आली.

सोमाच्या घरी त्या रात्री मडकंभर मध आला. बोचक्यासाठी घडी घातलेल्या वाकळा पुन्हा अंथरल्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव सोमाच्या अंगणात बसून तिरंदाजी शिकायला लागलं. बसूनच, कारण गुरुजी बसलेले असताना उभं कोण राहणार?

आणि कापलेल्या टोकांचा तो ढीग? त्या वेळूंच्या तुकड्यांची गावाने सोमासाठी एक पालखी बांधली. दर दोरापुनवेला त्यात बसून तो कड्यावर जातो. पुढचा दांडा नाइकांच्या खांद्यावर असतो, आणि रुंजी पुढे पुढे पळत ओरडत असते, "बाजूला व्हा, नाइकांच्या मिशा येताहेत!"