ओढ्यापलीकडच्या शेळ्या

माळावरच्या एका गावात हैबती नावाचा माणूस राहत होता. दारात आठ शेळ्या, थोडी कोरडवाहू जमीन. अडल्यानडल्याला धावून जाणारा म्हणून त्याचं नाव होतं. गावाबाहेर उघड्या रानात धुळा मेंढपाळ आणि त्याची बायको सुंद्रा चाळीस मेंढरं घेऊन राहत.

चैत्रातल्या एका दुपारी लिंबाएवढ्या गारा पडल्या. हैबतीच्या शेळ्या गोठ्यात होत्या, त्या वाचल्या. धुळाची तेवीस मेंढरं जागच्या जागी मेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीनं भोंग्यावरून बजावलं, "मेलेली जनावरं ताबडतोब पुरा, नाहीतर रोगराई पसरेल." हैबती कुदळ घेऊन धुळाकडं गेला. दोघांनी दिवसभर खड्डा खणला. धुळाला पहिलं मेंढरू उचलवेना. ते हैबतीनं उचललं. काम आटोपल्यावर सुंद्रा त्याच्या हातांवर पाणी घालत म्हणाली, "दादा, सख्खा भाऊसुद्धा आला नसता."

चार दिवसांनी बातमी आली. ज्यांची जनावरं मेली त्यांना सरकार तातडीची मदत देणार होतं.

उपसरपंच हैबतीच्या कानाशी लागला. "पाच शेळ्या मेल्या म्हणून सांग. साक्षीदार म्हणून मी सही करतो. माझ्या बैलासाठी तू कर."

त्याचा बैल समोरच कडबा खात उभा होता.

हैबतीला वाटलं, सरकारचा पैसा, त्यात कुणाचं काय जातंय? त्यानं पाच शेळ्या बहिणीच्या गावी धाडल्या. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा त्यानं लिहून दिलं, "शेळ्या दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडं नेऊन पुरल्या. दिवसभर तिथंच होतो."

मग धुळाची पाळी आली.

"पुरलेलं आता उकरता येणार नाही," तलाठी म्हणाले. "पुरताना पाहिलेला कुणी आहे का?"

"आहेत की!" धुळाचा चेहरा उजळला. "हे आमचे हैबतीदादा."

तलाठ्यांनी मागचा कागद उलटून पाहिला. "हैबतराव, तुम्ही तर त्या दिवशी ओढ्यापलीकडं होतात ना?"

खरं सांगावं, तर आपला कागद खोटा ठरतो. त्यानं धुळाकडं पाहिलंच नाही.

"होय," तो म्हणाला. "मी ओढ्यापलीकडंच होतो."

"दादा," धुळा हळूच म्हणाला, "पहिलं मेंढरू तुम्ही उचललंत."

तलाठ्यांनी धुळाच्या अर्जावर शेरा मारला: पुरावा नाही.

महिन्याभरानं हैबतीच्या खात्यात पैसे आले. त्याला जेवण गोड लागेना. शेवटी निम्मे पैसे काढून तो धुळाच्या पालावर गेला. धुळा मेंढरांमागे गेला होता. सुंद्रा चुलीपुढं बसली होती.

"हे ठेवून घे, बाई," हैबती म्हणाला.

तिनं नोटांना हात लावला नाही. "पैसे नकोत, दादा. आज तहसील कचेरी उघडी आहे. तिथं चला आणि तेवढं खरं सांगा."

हैबतीनं मनाशी हिशेब केला. खरं सांगितलं तर पैसे परत करावे लागले असते. उपसरपंचाचं नाव निघालं असतं. गावात छी-थू झाली असती. त्यानं नोटा पुन्हा खिशात घातल्या आणि आल्या वाटेनं निघून गेला.

पाऊस सुरू होण्याआधी धुळानं उरलेली सतरा मेंढरं विकली आणि नवरा-बायको दूरच्या तालुक्यात दुसऱ्याची मेंढरं राखायला गेले. जाताना त्यांनी गावातल्या घराघरांत निरोप घेतला. हैबतीच्या दारावरून मात्र ते सरळ पुढं गेले.

तात्पर्य: खोटं सांगून सरकारचा पैसा घेतला तर कुणाचं काय जातं, असं वाटतं, पण ते खोटं टिकवायला पुढं आपल्याच माणसाचा गळा कापावा लागतो.