अकरावी जर्सी

“वस्ताद, टीम अशी पाहिजे की अख्ख्या कोल्हापुरात तिला कुणी नावं ठेवायची नाहीत! एकानं जरी तोंड वाकडं केलं, तर तुम्ही घरी आणि गोव्याचा कोच मैदानात. रविवारी सकाळी टीम दाखवा. बास!”

एवढं बोलून चंद्रोजीराव सरकार गाडीत बसले आणि गेलेसुद्धा. केरबा वस्ताद शिट्टी हातात धरून मैदानाच्या मधोमध उभेच राहिले.

आता सरकार म्हणजे काही राजे नव्हेत. गुळाचे बडे व्यापारी. पण थाट राजाचा आणि हट्ट त्याहून मोठा! देशाच्या बड्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये यंदा पहिल्यांदाच त्यांचा संघ उतरायचा होता आणि हंगाम अगदी तोंडावर आला होता. पेठापेठांतली पोरं गोळा करून, घाम गाळून तो संघ उभा केला होता केरबांनी. पण सरकारांना रोज संध्याकाळी दूध-कट्ट्यावर जायची सवय. तिथं समोर म्हशीची धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात, आणि ओठावरचा फेस पुसायच्या आधी माणूस फुटबॉलवर बोलायला लागतो. कीपर झोपतो, बॅक आंधळा आहे, कोचला काय कळतंय! सरकार दूध पीत आणि ते सगळं डोक्यात भरून घरी येत.

रात्री केरबा ताटातली भाकरी नुसती चिवडत बसले.

“आण्णा, भाकरीनं काय घोडं मारलंय तुमचं?” कस्तुरीनं विचारलं. ही त्यांची लेक. कॉलेजात शिकत होती, पण तोंड तिखट होतं ते शिकवणीशिवाय.

केरबांनी सगळं सांगितलं. “अगं, या गावात देवाची पालखी नीट उचलली नाही म्हणून लोक नावं ठेवतात. माझ्या टीमला सोडतील व्हय? गेली पोरं माझ्या हातनं. आता परका माणूस त्यांना खेळवणार.” बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

“हात्तिच्या! एवढंच ना? स्टोअरची किल्ली द्या. मला अकरा जर्स्या पाहिजेत. मोठ्यात मोठ्या मापाच्या!”

“मोठ्या कशाला? आपली पोरं तर काटकुळी.”

“किल्ली द्या की!”

दुसऱ्या दिवसापासून कस्तुरी रोज कट्ट्यावर दिसायला लागली. केरबांच्या कानावर आलंच. “वस्ताद, लोक तुमच्या टीमची सालटी काढतायत आणि तुमची लेक वर म्हणतेय, ‘बरोबर आहे काका, तुमच्याइतकं कुणाला कळतंय!’” केरबांना जेवण जाईना. पोटची पोर उलटली म्हणायची की काय!

रविवार उजाडला. मैदान माणसांनी फुललं. सरकार फेटा बांधून खुर्चीत बसले. कस्तुरीनं सांगितलं म्हणून केरबा आपल्या पोरांना मागं घेऊन कडेला उभे होते.

“आणा टीम!”

ड्रेसिंग रूमचं दार उघडलं आणि पहिले बाहेर आले ते गुंडोपंत मिसळवाले! जर्सी आत, पोट बाहेर. मागोमाग गळ्यात मफलर गुंडाळलेले निवृत्त हेडमास्तर चौगुले. मग सलूनवाला, मग गिरणीवाला... असे एकामागं एक दहा जण छाती काढून उभे राहिले. मैदानात हशा पिकला. केरबांनी कपाळाला हात लावला.

सरकार ताडकन उठले. “हा काय तमाशा?”

“तमाशा कसला, सरकार? तुम्ही मागितली तीच टीम,” कस्तुरी म्हणाली. “विचारा, कुणाची काही तक्रार आहे का.”

“आहे का रे?” सरकार गरजले.

“तक्रार?” गुंडोपंत म्हणाले. “अहो, आजवरची सगळ्यात भारी निवड! सेंटर फॉरवर्डला शेवटी योग्य माणूस सापडला.”

“आणि बचाव तर एकदम भक्कम!” मफलर सावरत हेडमास्तर म्हणाले. बचावात अर्थातच ते स्वतः होते.

कस्तुरी म्हणाली, “सरकार, कट्ट्यावर नावं ठेवण्यात हे पुढारी. बाकीचे यांचंच ऐकून पुढं सांगतात. आता हेच टीममध्ये आले. स्वतःला कोण नावं ठेवतंय?”

“बरोबर आहे पोरीचं!” गर्दीतून शिट्ट्या वाजल्या.

सरकारांनी बोटानं मोजलं. “पण हे तर दहाच! अकरावा कुठाय?”

“इथंच आहे. येईल इतक्यात.”

“कशाला येतोय! अगं, ही टीम पहिल्याच मॅचला आपटणार! हे गुंडोपंत बॉल घ्यायला वाकले तर उठवायला क्रेन लागेल. मास्तरांना थंडी वाजतेय, तो गिरणीवाला आत्ताच धापा टाकतोय. काय ही टीम! काय ही निवड! छ्या!”

कस्तुरीनं पिशवीतून अकरावी जर्सी काढली आणि दोन्ही हातांनी अदबीनं पुढं धरली.

“आला सरकार, अकरावा आला! घाला अंगात. गोलात तुम्ही उभं राहायचं!”

सरकारांनी जर्सीकडं बघितलं, त्या दहा जणांकडं बघितलं. मिशी थरथरली. आणि सरकार असे खदाखदा हसले की फेटा डोळ्यांवर आला!

“पकडलंस गं मला! बरं, आता जिंकणारी टीम कुठाय ते सांग.”

“ती काय, आण्णांच्या मागं उभी आहे. लोक तिला रोज नावं ठेवतील, सरकार. पण ती पळेल!”

सरकारांनी डोक्यावरचा फेटा काढून केरबांच्या डोक्यावर ठेवला. “वस्ताद, अख्खा हंगाम तुमचा! गोव्याच्या माणसाला नको म्हणून कळवतो. आणि घरच्या मैदानावरच्या पहिल्या मॅचची पहिली किक तुमची लेक मारणार!” केरबा दोन्ही हातांनी फेटा चाचपत राहिले.

सरकारांनी रेशमी सदऱ्यावरच ती जर्सी चढवली आणि आपल्या दहा गड्यांना हाक दिली, “चला रे, टीम कट्ट्यावर! आज दूध माझ्याकडून!”

“पण सरकार,” कस्तुरी मागून ओरडली, “तिथं टीमबद्दल एक शब्द काढायचा नाही हं!”

सरकार चालता चालता थांबले, वळले आणि पुन्हा हसत सुटले.

“मग दूध पचायचं कसं गं?”