न वाचलेला नकार

एकदा एक शिष्या रडकुंडीला येऊन आपल्या गुरूंपुढे उभी राहिली. आश्रम वगैरे काही नव्हता. औषधांची माहितीपत्रके तयार करणारे ते एक लहानसे कार्यालय होते. गुरू म्हणजे उभा जन्म एक्सएसएलटी नावाच्या संगणकभाषेत घालवलेले अण्णा, आणि शिष्येचे नाव केतकी. अण्णांचा तिच्यावर फार जीव, म्हणूनच ते तिची सतत थट्टा करीत.

केतकीने एक फंक्शन, म्हणजे संगणकाने पाळायच्या सूचनांचा एक तुकडा, लिहिले होते. पत्रकातल्या प्रत्येक प्रकरणाने आपल्या पोटातल्या उपप्रकरणांना विचारायचे, ‘बालकांना धोका आहे का?’ त्यांनी आपल्या पोटातल्यांना तेच विचारायचे. उत्तर खालून वर येई, आणि ते ‘होय’ असेल तर पत्रकावर लाल खूण उमटे. पण खूण सरसकट सगळ्यांवरच उमटत होती, अगदी जुलाबावर द्यायच्या मीठ-साखरेच्या पुडीवरसुद्धा. पत्रके संध्याकाळी छपाईला जायची होती.

“अण्णा, ही खूण पाहून एखादी आई पुडी बाजूला ठेवील हो! आणि मी तर तिथे चक्क ‘नाही’ लिहिलंय.”

“आधी माझं एक काम कर. या बशीत चिठ्ठी दिसली तर चहा आण, बशी रिकामी असली तर आणू नकोस. चिठ्ठी उघडायची मात्र नाही हं.”

अण्णांनी काहीतरी खरडून चिठ्ठी बशीत टाकली. यांना आत्ता चहा कसला सुचतोय, असे पुटपुटत केतकीने चहा आणला.

“आता उघड.”

चिठ्ठीवर लिहिले होते : चहा नको.

“मग मला उगाच कशाला पिटाळलंत?”

अण्णा हसले. “तू तुझ्या प्रकरणांना हेच शिकवलंयस, बाळ. सगळ्यात आतल्यानं खरं तेच सांगितलं, पण अक्षरांत लिहून. वरचा अक्षरं वाचत नाही. हाती काहीतरी आलं की तो ‘होय’ समजतो आणि तसंच वर कळवतो. तिथून पुढे सगळे अगदी प्रामाणिकपणे चुकत जातात. चिठ्ठी पाठवू नकोस. खरं की खोटं, ते मूल्यच जसंच्या तसं वर सोपव. ‘खोटं’ हे मूल्य म्हणजे संगणकाला रिकामी बशीच.”

केतकीने एकच ओळ बदलली. पुडीवरची खूण गेली, झोपेच्या गोळ्यांवरची राहिली.

“बिचारी पुडी पहिल्यापासून ‘नाही’च म्हणत होती,” ती हळूच म्हणाली.

घरोघरीही असेच होते. समोरच्याने तोंड उघडले, एवढ्यावरच आपण त्याचा होकार धरून चालतो. तो काय म्हणाला, ते ऐकायचे राहूनच जाते.